हाताने की आपोआप

लढाई सुरू होण्याआधी पडद्यावर एक चौकट उघडायची आणि तिच्यात दोन बटणं असायची. एकाचा अर्थ, तुम्ही स्वतः लढा. दुसऱ्याचा अर्थ, तुम्ही राहू द्या, आम्ही लढतो आणि निकाल सांगतो. घरात या बटणांना ‘हाताने’ आणि ‘आपोआप’ अशी नावं पडली होती. गेल्या सत्तावीस वर्षांत खेळ बदलले, कॉम्प्युटर चार झाले, टेबलाचा एक पाय बदलला. पण दादा हाताने लढायचा आणि त्याची धाकटी बहीण आपोआप, यात काही फरक पडला नव्हता.

खेळ तसा समजायला सोपा. एक कल्पनेतला देश, त्यात जंगलं, किल्ले, जादूगार, राक्षस आणि पार दुसऱ्या टोकाला एक काळा राजा. आपली पाळी आली की आपलं सैन्य चार घरं पुढे न्यायचं, मग त्याची पाळी. दोन सैन्यं समोरासमोर आली की ती चौकट. हाताने म्हटलं की मैदान उघडायचं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं दिसायची आणि एकेका शिपायाला सांगावं लागायचं, तू इथे उभा राहा, तू त्याला गाठ, तू मागे सर. वेळ कितीही घ्या. तुम्ही हलत नाही तोवर शत्रूही हलत नाही, बिचारा तलवार उगारून तसाच ताटकळत उभा असतो. दादा घड्याळं दुरुस्त करायचा, त्याला हे मानवायचं. साध्या चकमकीला तो पाऊण तास लावायचा आणि एकही माणूस न गमावता बाहेर यायचा. धाकटीला पुढचा किल्ला कसा दिसतो ते बघायची घाई. ती आपोआप दाबायची, तुतारी वाजायची आणि दोन सेकंदांत निकालाची पाटी समोर.

“तू लढत नाहीस, उरकतेस,” दादा म्हणायचा.

“जिंकले ना? मग झालं तर.”

“कोण कोण मेलं ते तरी बघ.”

ती कधी बघायची नाही.

आता धाकटी एकेचाळीस वर्षांची होती, दादा एकोणपन्नासचा, आणि दादाला हात राहिले नव्हते. म्हणजे होते, खुर्चीच्या दोन दांड्यांवर ठेवलेले. ठेवले तसे राहायचे. आधी एकदा चिमट्यातून स्प्रिंग सुटली, मग चिमटा सुटला, मग दुकानाची किल्ली कुलपात फिरेना. डॉक्टरांनी सांगितलं की नसा आणि स्नायूंचं एकमेकांशी बोलणं बंद होत चाललंय. आधी हात, मग पाय, मग जीभ, मग घसा. “समज मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील,” ते म्हणाले, आणि तेही अशा आवाजात की जणू घसघशीत बक्षीस लागलंय.

त्या दिवशी धाकटी घरी आली आणि तिने किटलीच्या तळाला चिकटलेला पांढरा थर खरवडून काढला. किटली लखलखीत झाली. रडू येईल म्हणून तिने चार दिवस वाट पाहिली. आलं नाही. मग दोन बॅगा भरून ती दादाकडे राहायला आली. दोघांनाही एकमेकांशिवाय दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे कोणी जायचं यावर चर्चा करायचाही प्रश्न आला नाही.

दिवसाची घडी बसली. धाकटी सकाळी सहाला कामावर जायची आणि तीनला परत यायची. तोवर घरी एक मावशी असायच्या, पूर्वी आजाऱ्यांचीच कामं केलेल्या, हाताला जड पण मनाने चांगल्या. मावशी गेल्या की चार ते सहा खेळ. सहाला जेवण. सातला अंग पुसणं, कूस बदलणं, औषध.

खेळ दादानेच काढला होता. आजाराच्या आधी सुरू केलेला एक मोठा डाव अर्धवट राहिला होता, काळ्या राजाच्या किल्ल्यापासून बराच दूर. डॉक्टर म्हणाले होते की जीभ आणखी दोन महिने साथ देईल, फार तर अडीच. “जीभ आहे तोवर संपवू,” दादा म्हणाला. “मी सांगतो, तू कर. लढाया हाताने. आणि म्हाताऱ्याला किल्ल्याच्या दारातून आत न्यायचंय.”

म्हातारा हा एक भालेकरी होता. खेळात शिपायांना नावं देता येत आणि दादाने प्रत्येकाला दिली होती. तिरंदाज होती ती नकटी, घोडेस्वार लंगडा, आणि मागून डुलत येणारा, प्रत्येक मुक्कामाला दुप्पट शिधा खाणारा एक राक्षस, तो खादाड. पण म्हातारा पहिल्या पाळीपासूनचा. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात साधा, लाकडी भाला आणि डोक्यावर भांड्यासारखं शिरस्त्राण. असले भालेकरी तिसऱ्या-चौथ्या लढाईत कामी येतात, ते त्यासाठीच असतात. दादाने त्याला एकतीस लढायांतून जिवंत काढला होता. त्याच्या नावाखाली अकरा चांदण्या होत्या, लढून मिळवलेल्या. आणि दादाचा एक नियम होता, आजारातही न बदललेला: मागे जायचं नाही. डाव एकाच जागी साठवायचा, नव्याने जुना पुसला जाऊ द्यायचा. एकदा झालं ते झालं.

म्हणून रोज चार वाजता धाकटी त्याची खुर्ची टेबलाला लावायची, मान घसरू नये म्हणून एका बाजूला गुंडाळलेला टॉवेल खोचायची आणि माऊस हातात घ्यायची. दादा सांगायचा. त्याचे शब्द ओल्या कागदासारखे झाले होते, कडा राहिल्या नव्हत्या. मावशींना त्यातलं निम्मं कळायचं नाही, धाकटीला सगळं कळायचं. “नकटी. दोन डावीकडे. झाडामागे.” ती न्यायची. “खादाडाला आवर.” ती आवरायची. मधे तो विचार करायचा, पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती समोर बघत बसायची. तिला कंटाळा यायचा असंही नाही. काहीच यायचं नाही.

कामावरही तसंच होतं. ती इस्पितळाच्या तळमजल्यावर, शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन निर्जंतुक करतात त्या विभागात होती, एकोणीस वर्षं. वरून वापरलेली हत्यारं यायची. ती धुवायची, मोजायची, यादीप्रमाणे तबकात मांडायची, प्रत्येकापुढे खूण करायची, तबक कापडात गुंडाळून वाफेच्या यंत्रात ढकलायची. हाताला इतकं पाठ की डोकं घरी ठेवून आलं तरी चाललं असतं, आणि हल्ली ते घरीही नसायचं. एका सोमवारी वरून तबक परत आलं. आत एक चिमटा कमी, यादीत त्याच्यापुढे खूण मात्र झोकात केलेली. वरच्या नर्सने पेशंट टेबलावर घ्यायच्या आधीच मोजलं म्हणून निभावलं.

विभागाच्या मोठ्या सिस्टर ओरडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी यादी तिच्यासमोर धरली. “वाचतेस, की नुसत्या खुणा करतेस?”

“चुकलं माझं,” धाकटी म्हणाली.

“घरचं मला माहितीये. सुट्टी हवी तर घे. पण इथे पाट्या टाकू नकोस.”

तिला लाज वाटायला हवी होती. एकोणीस वर्षांतली पहिली चूक. ती हात धुवायला गेली आणि आरशात बघून तिला एवढंच वाटलं की केस धुवायला झालेत.

जेवण भरवण्यात मात्र ती तरबेज झाली होती. दादाचं सगळं आता मिक्सरमधून काढलेलं, पातळ. मावशींना त्याला पाऊण तास लागायचा. मध्येच गप्पा मारायच्या, सूप गार करायच्या, पुन्हा गरम करायच्या. धाकटीने पद्धत बसवली होती. एक चमचा तोंडात गेला की दुसरा भरून हनुवटीपाशी तयार ठेवायचा. डाव्या हातात रुमाल. गिळलं की लगेच पुढचा. बावीस मिनिटांत वाटी रिकामी. दादा तक्रार करायचा नाही. तोंड भरलेलं असताना तक्रार तरी कशी करणार?

लांडग्यांची गोष्ट घडली त्या गुरुवारी मावशी आल्या नव्हत्या, त्यांच्या मुलीला ताप होता. धाकटी रजा टाकून सकाळपासून घरी होती. दुपारी चारला खेळ सुरू केला. सैन्य जंगलाच्या कडेने चाललं होतं आणि आदल्या दिवशीच्या लढाईत म्हातारा चांगलाच घायाळ झाला होता, त्याच्या अंगात दोन वार सोसण्याएवढाच जीव उरला होता. पुढच्या गावात त्याला मलमपट्टी मिळाली असती. गाव दोन घरांवर होतं. मध्ये आडवे आले चार लांडगे.

चौकट उघडली. दोन बटणं. खाली खेळ स्वतःचा अंदाजही सांगायचा. तिथे लिहून आलं होतं, निर्णायक विजय.

“थांब,” दादा म्हणाला. “आधी मला जायचंय. येऊन लढू. म्हाताऱ्याला मागे ठेवायचंय.”

तिने त्याच्या कमरेला पट्टा बांधला, उचललं, फिरवलं, संडासात नेऊन बसवलं, बाजूच्या दांडीला टेकवलं. यात बरीच मिनिटं जायची. दार अर्धवट लोटून ती खोलीत परत आली, चादर बदलली, उशी झटकली. मग खुर्चीशेजारी उभी राहिली. चौकट तशीच होती. चार लांडगे. चार लांडग्यांसाठी पाऊण तास, सहा वाजतच आले होते, म्हणजे सहाचे पावणेसात होणार, जेवण पुढे जाणार, अंग पुसणं पुढे जाणार. तिने काही ठरवलं नाही. कामावर वाफेच्या यंत्राचं दार बंद झालं की तिचा हात आपसूक बटणाकडे जायचा, तसाच गेला.

तुतारी वाजली. निकालाची पाटी आली. विजय. हानी: एक.

तिने सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या पाटीवर खाली वाचलं. आपोआप लढताना खेळ कुणाला जपत बसत नाही. कोण घायाळ, कोण लाडका, त्याला काय त्याचं. यादीत जो सगळ्यात वर, त्याला तो सगळ्यात आधी पुढे ढकलतो, आणि यादी भरतीच्या क्रमाने असते. सगळ्यात वर म्हातारा होता. पहिल्या पाळीपासूनचा.

लढाई संपताच डाव आपसूक साठवला गेला होता. मागे जायला जागा नव्हती. आता काहीतरी वाटेल, म्हणून ती थांबली. वाटलं काहीच नाही. सुचलं मात्र लगेच. तिने सैन्य गावात नेलं, तिथे एक नवा भालेकरी भरती केला, तसाच लाकडी भाला, तसंच भांडं डोक्यावर. नावाच्या जागी लिहिलं: म्हातारा. नावाखाली एकही चांदणी नव्हती, पण ती माणसावर माऊसचा बाण नेल्याशिवाय दिसत नाही. तिने ठरवलं, बाण तिथे फार वेळ ठेवायचा नाही.

दादाला आणून बसवलं, टॉवेल खोचला.

“लढलीस?” दादाने पडद्याकडे बघत विचारलं.

“उरकून टाकलं. हातानेच. सोपं होतं अगदी.”

“म्हातारा?”

“हा काय, गावात. मलमपट्टी झाली.”

दादाने पडद्यावरून नजर काढली. “बरं,” म्हणाला. मग म्हणाला, “पाणी दे.”

पुढचे बावीस दिवस ते रोज खेळले. दादाच्या शब्दांची संख्या रोज घटत गेली. आधी लांब वाक्यं गेली, मग जोडशब्द गेले, मग एकेका शब्दासाठी त्याला आधी श्वास गोळा करावा लागायचा. धाकटीने पापणीची खूण ठरवून घेतली, एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. पूर्वी दादा म्हाताऱ्याला पुढे उभा करायचा, पहिला वार त्याच्यावर घ्यायचा. आता मागे ठेवायचा, खादाडाच्या पाठीशी. लढूच द्यायचा नाही. आजारपणाने भित्रा झाला असेल, तिने मनाशी म्हटलं. तिच्या पथ्यावरच पडलं. म्हातारा लढला नाही की त्याच्यावर बाण न्यावा लागत नव्हता.

तेविसाव्या दिवशी दुपारी साडेचारला सैन्य काळ्या राजाच्या किल्ल्यासमोर येऊन उभं राहिलं. उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता, त्यात माऊसवरची धूळ दिसत होती. चौकट उघडली.

“आपोआप,” दादा म्हणाला.

तिने वळून बघितलं. “काय?”

त्याने श्वास घेतला. “दाब. आपोआप.”

शब्द अगदी स्पष्ट होता, त्या आठवड्यातला सगळ्यात स्पष्ट. सत्तावीस वर्षांत हे बटण दाबायला त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

“का पण? एवढं आणलंस इथवर.”

“दमलीस तू.”

त्यात टोमणा नव्हता. त्याच्या आवाजात टोमणा मारण्याएवढी ताकदही उरली नव्हती. खाली खेळाचा अंदाज होता, विजय. डावीकडे सैन्याची यादी होती. तिचा हात माऊसवर होता आणि डोळे त्या यादीवर गेले, आणि या वेळी तिने ती वाचली. सगळ्यात वर नकटी. मग लंगडा. मग खादाड. मग लांडग्यांच्या आधीच्या मुक्कामांवर घेतलेले दोन तिरंदाज. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात खाली, म्हातारा.

यादी भरतीच्या क्रमाने असते. बावीस दिवस ती पडद्यावर डावीकडे उघडी होती. दादा बावीस दिवस तिच्याकडे बघत होता.

“दादा,” ती म्हणाली, “म्हातारा मेलाय.”

पापणी एकदा मिटली.

“तुला माहितीये?”

एकदा.

“यादीवरून?”

दोनदा. मग त्याने श्वास गोळा केला. “तुतारी,” तो म्हणाला. आणखी एक श्वास. “एकदाच वाजली.”

हाताने लढलं की तुतारी दोनदा वाजते, मैदान उघडताना आणि बंद होताना. आपोआपला एकदाच. संडासात दांडीला टेकून बसलेल्या दादाला अर्धवट लोटलेल्या दारातून ती एक तुतारी ऐकू आली होती, आणि दुसरीची वाट बघत तो बसला होता. आयुष्यभर घड्याळं कानाला लावून कुठे काय अडलंय ते ओळखलेला माणूस. ती त्याला न्यायला गेली तेव्हाच त्याला ठाऊक होतं, आणि “लढलीस?” हे त्याने त्यानंतर विचारलं होतं.

“मग बोलला का नाहीस?”

दादाने वेळ घेतला. तो वेळ शब्द निवडण्यात गेला, कारण सगळे परवडणार नव्हते. “रागावलो,” तो म्हणाला. “मग... जेवण आणलंस.”

“मग?”

“तेही... आपोआपच.”

आणि तो हसला. त्या आजारात हसू सुरू झालं की थांबवता येत नाही. तो हसत राहिला, खांदे नाही, हात नाही, नुसता गळा आणि डोळे, आणि डोळ्यांतून पाणी गालांवर. धाकटीने रुमाल घेतला. तोंड पुसायला हात पुढे केला आणि तिच्या लक्षात आलं की हा हात कसा पुसतो ते तिला ठाऊक आहे, डावीकडून उजवीकडे, एक फटका, हनुवटी, संपलं. टेबल पुसावं तसं. तिचा हात तिथेच राहिला.

तेव्हा तिला वाईट वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि एकदम सगळं. लांडग्यांचं, चिमट्याचं, बावीस मिनिटांचं. ती खुर्चीच्या दांडीवरच्या त्याच्या हातावर कपाळ टेकून बसली. हात गरम होता. त्या हाताला सगळं कळत होतं, फक्त हलता येत नव्हतं; हे तिला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं आणि ते तिच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती सरळ झाली, नाक ओढलं, माऊस घेतला आणि ‘हाताने’चं बटण दाबलं. मैदान उघडलं, तुतारी वाजली.

“सांग,” ती म्हणाली. “पहिला कोण?”

“तू,” दादा म्हणाला.

“मला नाही येत.”

पापणी एकदा मिटली. येत नाही हे त्याला मान्य होतं. तरी त्याने डोळे पडद्याकडे वळवले.

ती लढली. वाईट लढली. पहिल्याच फेरीत नकटीला उघड्यावर उभी केली, दादाच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज आला. लंगड्याला खंदकात घातला. प्रत्येक घरावर बाण ठेवून ती वळून दादाच्या डोळ्यांकडे बघायची, डोळे कुठे जातायत ते बघून पुन्हा विचार करायची. नव्या भालेकऱ्याची पाळी आली तेव्हा तिने बाण त्याच्यावर बिनधास्त ठेवला. म्हातारा, शून्य चांदण्या.

“नाव बदलू का याचं?”

दोनदा.

“मागे ठेवू?”

दोनदा. “पुढे,” दादा म्हणाला.

“मरेल तो.”

“लढू दे... त्यालाही.”

सहा वाजले तेव्हा तिसरी फेरी चालू होती. मैदानाच्या कोपऱ्यातही एक छोटं बटण असतं, उरलेली लढाई आपोआप संपवा म्हणून. तिने डाव तसाच उघडा ठेवला, पडदा तेवढा मालवला आणि जेवण गरम करायला गेली.

लढाई नऊ दिवस चालली. मोठ्या सिस्टरांकडे तिने दोन दिवस सुट्टी मागितली, त्यांनी चार दिली. दुपारी दोन फेऱ्या, कधी एक. पाचव्या दिवशी म्हातारा किल्ल्याच्या दारात पोहोचला, तटातल्या त्या काळ्या चौकटीत, आणि पुढचं घर मोकळं दिसत होतं. तिने बाण आतल्या घरावर नेला. याच दारातून न्यायचा होता ना त्याला?

“थांब,” दादा म्हणाला.

तिने त्याला उंबऱ्यावर थांबवलं, ढाल पुढे. पुढच्याच पाळीत आतल्या अंधारातून दोन पहारेकरी त्या मोकळ्या घरावर तुटून पडले, आणि ते रिकामं होतं.

“थांब” हा दादाचा शेवटचा समजलेला शब्द. तेव्हा तिला ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने तोंड उघडलं, श्वास गोळा केला, आणि जे बाहेर आलं त्यातून ती शब्द काढू शकली नाही. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून घेतले. मग उघडले, पडद्याकडे वळवले आणि पापणी एकदा हलवली. चल.

नवव्या दिवशी काळा राजा पडला. दुसरी तुतारी वाजली. पाटी आली, विजय, आणि तिच्याखाली हानी. धाकटीने खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि ती यादी मोठ्याने वाचली, सावकाश, एकेक नाव. नकटी. लंगडा. दोन तिरंदाजांपैकी एक, ज्याला त्यांनी नाव द्यायचं राहून गेलं होतं. वाचताना तिचा आवाज दोनदा फुटला, आणि दोन्ही वेळा ती थांबून पुन्हा त्याच नावापासून वाचू लागली. मग जिवंत असलेल्यांची यादी. खादाड. एक तिरंदाज. म्हातारा, एक चांदणी. दादा ऐकत होता. प्रत्येक नावाला त्याची पापणी एकदा मिटत होती.

सहा वाजले. तिने वाटी आणली, समोर बसली, चमचा भरला, फुंकर घातली आणि त्याच्या तोंडात दिला. रिकामा चमचा वाटीत ठेवून ती त्याच्या गळ्याकडे बघत बसली. बराच वेळ लागला. त्याने गिळलं, तिच्याकडे बघितलं, आणि पापणी एकदा मिटली. मग तिने दुसरा चमचा भरायला घेतला.